दुपारचे डॉक्टर

ये, बस. त्या खुर्चीवर नको, इकडे कॉटवर बस. बॅग खाली ठेव, स्टेथो टेबलावर राहू दे. मी अशी पाय वर घेऊन, शाल गुंडाळून बसले आहे ते मनावर घेऊ नकोस, हल्ली जिना चढला की जरा धाप लागते. चहा मागू नकोस. केटली बिघडली आहे आणि दुरुस्तीला नेणारा माणूस रोज उद्यावर ढकलतो आहे. दुपारची ओव्हर व्हायला अजून थोडा वेळ आहे. तोवर तुला एक गोष्ट सांगते.

ही ड्यूटीची खोली कुणी दाखवली तुला? जिन्यात एक डॉक्टर भेटले, त्यांनी? बरं. त्यांच्याकडे येतेच मी.

तुझं तोंड का उतरलं आहे ते मला न सांगता कळतं. तुझ्या बरोबरीचे लोक मोठ्या हॉस्पिटलात मशीनींच्या गराड्यात शिकणार, आणि तुला पाठवलं या दुमजली डब्यात. एक वॉर्ड, एक ओपीडी, आणि दुपार कलली की कुलूप लागणारी लॅब. मीही अशीच आले होते, धुमसत. फॅमिली मेडिसिन घेतलं तेव्हा माझ्या मामांनी विचारलं होतं, म्हणजे तू नक्की कशाची डॉक्टर? मी म्हटलं, माणसांची. मामा म्हणाले, ते ठीक आहे गं, पण माणसाच्या कुठल्या भागाची? शेवटपर्यंत त्यांचं समाधान झालं नाही.

तेव्हा इथले प्रमुख आमचे सर होते. टक्कल, जाड भिंगांचा चष्मा, आणि जीभ अशी की रेसिडेंट त्यांच्या खोलीतून रडत बाहेर यायचा आणि जिना उतरेपर्यंत हसायला लागायचा. बाकी कशातही सर सांभाळून घ्यायचे, ओव्हरच्या बाबतीत नाही. ओव्हर म्हणजे क्रिकेटची नव्हे, ड्यूटी बदलताना एकाने दुसऱ्याच्या हाती पेशंट सोपवायचे, ती. इथली रीत तेव्हा होती तीच आजही आहे. जाणाऱ्याने पलंगाच्या एका बाजूला उभं राहायचं, येणाऱ्याने दुसऱ्या. मध्ये पेशंट, आणि त्याला ऐकू येईल असं बोलायचं. येणाऱ्याने सगळं ऐकून घ्यायचं, पेशंटला हात लावायचा, नाडी बघायची आणि मग म्हणायचं, "घेतलं." तो शब्द निघेपर्यंत पेशंट जाणाऱ्याचाच. मग त्याची गाडी चुको, नाहीतर बायको रुसो.

मला ते सगळं नाटक वाटायचं. मोठ्या हॉस्पिटलात फोनवर काम भागतं, इथे काय हे लग्न लावल्यासारखं.

आल्यावर थोड्याच दिवसांत मोठ्या सिस्टरांनी मला औषधांच्या कपाटाआड ओढलं. खमकी बाई, डॉक्टरांनासुद्धा दटावायची. पण त्या दिवशी आवाज अगदी खाली आणून बोलली.

"डॉक्टर, दुपारी कधी पेशंट म्हणाला ना, दुसरे डॉक्टर येऊन तपासून गेले... तर वाद घालू नका. हो म्हणा आणि घरच्यांना बोलावून घ्या."

"कोण दुसरे डॉक्टर? मी आणि माझ्या जोडीचा रेसिडेंट, दोघंच तर आहोत."

"दुपारचे डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. "ते ज्याला तपासतात, तो सकाळ बघत नाही."

आणि सांगणाऱ्या प्रत्येकाचं वर्णन म्हणे एकच. पोरगेलासा डॉक्टर, चुरगळलेला कोट, डोळे तांबारलेले. स्टूल ओढून शेजारी बसतो. स्टेथो छातीला लावायच्या आधी तळहातावर घासून गरम करतो. घाई नाही, बोलून घेतो, ऐकून घेतो. आणि त्याच्या अंगाला शिळ्या चहाचा वास येतो. त्या महिन्यात असे दोन पेशंट गेले होते. मी हसले आणि म्हटलं, सिस्टर, इतकं नीट तपासणारा डॉक्टर इथे असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

मग वॉर्डात मावशी आल्या.

खिडकीजवळच्या पलंगावर. पडदे शिवायच्या त्या. अख्ख्या वस्तीच्या खिडक्या त्यांच्या हातच्या कापडाने झाकलेल्या होत्या. उलट्या, पोटात दुखणं, आणि अंगात काडीचं बळ नाही. माझ्या जोडीदाराने त्यांना भरती करून घेतलं होतं. त्याला आम्ही धावत्या म्हणायचो, कारण तो बसलेला कुणी पाहिला नव्हता. मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ गेले तर डोळे न उघडता माझ्या कोटाची किनार बोटांत धरून म्हणाल्या, "कुणी शिवला गं हा? तुझ्याशी वैर होतं का त्याचं?" तिथेच त्यांच्यावर माझा जीव जडला. त्यांची लेक पायाशी बसलेली असायची, मावशींना नवरा नाही, दुसरं कुणी नाही. तिने मला एकच विचारलं होतं, "आई घरी येईल ना?" आणि मी शहाणी म्हणाले होते, "येईल. मी आहे ना."

पण मावशी सुधारेनात. सलाइन चालू, तरी बीपी खालीच. मी मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. पोटाचे डॉक्टर म्हणाले, ही आमची केस नाही, मेडिसिनवाल्यांना विचारा. मेडिसिनवाले म्हणाले, पोट दुखतंय ना, मग सर्जन बघतील. शेवटी कुणीतरी म्हणालं, "तुम्ही फॅमिलीवाले आहात ना, मग फॅमिलीसारखं सांभाळा की दोन दिवस. पलंग रिकामा झाला की कळवतो." मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. ते हसणं अजून माझ्या कानात आहे, आणि ते तिथेच राहू दे. उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळभर ओपीडीत होते, मुलांना लस टोचत. दुपारची ड्यूटी माझी. तेवढ्यात फोन वाजला. धावत्या. मागे बसचा घरघराट.

"अगं, निघालो मी, बहिणीकडे जायचंय. सगळं ठीक आहे वर. खिडकीजवळची बाई आहे तशीच. घे तू बघून."

"ओव्हर?"

"ही काय, दिली की." फोन बंद.

हातातलं मूल रडत होतं, बाहेर रांग होती. सगळं आटपून मी वर आले. थंडीचे दिवस. काचांना बाहेरून धुकं चिकटलेलं, दुपार असून उजेड ताकासारखा पांढुरका. वॉर्डात फिनेलचा वास, आणि त्याच्या खाली... दुसरा एक वास. चहा कपात राहून राहून त्याच्यावर साय धरते ना, तसा. मी नाक वळवून बघितलं. कुठे कप नव्हता.

मावशींच्या भोवती पडदा ओढलेला होता. आत गेले. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता, ओठ कोरडे. स्टूल पलंगाला खेटून होतं. कुणी ठेवलं म्हणून लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, मी पाणी आणायला गेले होते.

मावशी पुटपुटल्या, "तुझा तो दुसरा डॉक्टर बरा आहे हो. नळी गरम करून लावली त्याने. थंड लोखंड नाही टेकवलं, तुझ्यासारखं."

मागे सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला बाहेर घेऊन गेल्या. कुणाला बोलवायचं असेल तर बोलाव, एवढं मला ऐकू आलं. मग लेकीचा आवाज, "पण डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

भीती वाटायला हवी होती मला. वाटलीच. पण त्याच्यापेक्षा जास्त डोकं फिरलं. मी सरांच्या खोलीत शिरले आणि म्हटलं, "सर, तो दुपारचा डॉक्टर कोण आहे ते मला आत्ता सांगा."

सरांनी चष्मा काढला. पुसून परत लावला.

"माझ्या बरोबरचा होता," ते म्हणाले. "आम्ही दोघं इथे रेसिडेंट होतो. मी तापाने घरी पडलो. माझ्या जागी मोठ्या हॉस्पिटलने बदली डॉक्टर पाठवायचा होता. पाठवतो, पाठवतो म्हणत राहिले. याने एक ड्यूटी केली, दुसरी केली, तिसरी केली. वॉर्ड भरलेला, ओव्हर घ्यायला कुणी नाही, मग सोडून जाणार कसा? त्या दुपारी बाजूच्या ड्यूटीच्या खोलीत चहा करून खुर्चीत बसला. सिस्टर बोलवायला गेल्या तेव्हा चहा तसाच होता आणि स्टेथो तळहातावर धरलेला होता. कागदावर हृदयाचं काहीतरी लिहिलं लोकांनी. मी सांगतो कशाने गेला ते. बदली आली नाही म्हणून गेला."

मी बाहेर आले. सिस्टर औषधांच्या कपाटाजवळ होत्या. "सिस्टर, आधीचे ते दोन पेशंट. त्यांच्या वेळी ओव्हर कुणी दिली होती?"

त्यांनी आठवलं. "धावत्या डॉक्टरांनी. फोनवरूनच दिली असेल. ते कुठे थांबतात?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो कुणालाही नेत नव्हता. देणारा बसमध्ये, घेणारा खाली ओपीडीत, आणि मधल्या वेळात पेशंट कुणाचाच नाही. अशा बेवारशी माणसाशेजारी तो स्टूल ओढून बसत होता. त्याला औषध देता येत नव्हतं की फोन करता येत नव्हता. तो फक्त तपासून, सगळं लक्षात ठेवून, बदलीची वाट बघत होता. आणि आम्ही काय करत होतो, तर तो आला म्हटलं की नातेवाइकांना बोलावून पडदा ओढत होतो.

"सिस्टर, स्टूलला हात लावू नका," मी म्हटलं. "तो अजून गेलेला नाही. ओव्हर झाल्याशिवाय जाईल कसा?"

"डॉक्टर, उगाच विषाची परीक्षा घेऊ नका..."

"घेते. तुम्ही इंजेक्शनचा ट्रे घेऊन पडद्याबाहेर उभ्या राहा."

मी आत गेले. पडदा पूर्ण ओढून घेतला. पलंगाच्या या बाजूला उभी राहिले आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलं, "मी आले आहे. ओव्हर द्या."

काही झालं नाही. सलाइनचा थेंब पडत होता. मावशींचा श्वास थांबत थांबत येत होता. मला वाटलं, मूर्ख आहेस तू, जा, परत फोन कर.

मग पडद्याच्या कड्या दांडीवर किणकिणल्या. वारा नव्हता, खिडक्या बंद होत्या. तो वास एकदम जवळ आला, तोंडाशी कप धरल्यासारखा. आणि कोरडा आवाज... तळहातावर काहीतरी घासल्याचा. खस्... खस्... खस्.

समोर कोटाची बाही दिसली. कफ मळलेला. मग हात. मान वर करायची नाही असं सिस्टरांनी कधीतरी सांगितलं होतं. मी केली. तू काय पाहशील म्हणून घाबरतेस तसं काही नव्हतं गं तिथे. एक पोरगा होता. माझ्यापेक्षाही लहान. झोप न मिळालेला. बस, इतकंच. पण त्याच्या डोळ्यांत मी दिसत नव्हते, माझ्या मागचं दार दिसत होतं.

"बदली आली का?" त्याने विचारलं. आवाज दमलेला, पार तळातून आलेला.

"मी बदली. बोला."

तो बोलायला लागला, आपण वॉर्डात बोलतो तसाच, एका सुरात. उलट्या केव्हापासून, पोट कुठे दुखतं. मग म्हणाला, "गुडघ्यांसाठी छोट्या पांढऱ्या गोळ्या. तीन वर्षं, रोज. गेल्या आठवड्यात एकदम बंद केल्या." आणि त्याने मावशींचा हात हलकेच उलटा करून मला दाखवला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, खाली जांभळे डाग. आम्ही रोज त्याच हाताला सलाइन लावत होतो आणि डाग सुईचे समजत होतो.

स्टिरॉइड. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं की शरीर कोसळतं. पुस्तकात वाचलेलं. पण त्यासाठी आधी कुणीतरी विचारावं लागतं.

मी वाकले. "मावशी, गुडघ्याच्या गोळ्या घेत होतात?"

"शेजारीण म्हणाली, किडनी जाते. टाकून दिल्या," त्या कशाबशा म्हणाल्या. "त्याला सांगितलं की मी. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

मी त्यांच्या मनगटाला हात लावला. नाडी दोऱ्यासारखी. शब्द ओठांवर आला होता, पण समोर बघून मी म्हटलं, "थांबा जरा. इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा. आधी हिला इंजेक्शन देते." आणि ओरडले, "सिस्टर, हायड्रोकॉर्टिसोन, आणि ग्लुकोज." ट्रे पडद्याच्या फटीतून आत आला.

इंजेक्शन दिलं. ग्लुकोज दिलं. पुन्हा नाडी धरली. तो सबंध वेळ समोर उभा होता, माझे हात तपासत. कुठल्याही परीक्षकाने मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. मग मी मान वर करून, मावशींना ऐकू जाईल असं म्हटलं, "घेतलं."

त्याने मान हलवली. पडद्याच्या कड्या वाजल्या. जिन्यावरून कुणीतरी उतरत गेलं, सावकाश, कठड्याला धरून. वास विरला.

उजेड मावळेपर्यंत मावशींचा बीपी वर आला. सकाळी त्या उठून बसल्या होत्या आणि लेकीला म्हणत होत्या, हिचा कोट उसवून घे, मला असला बघवत नाही. पुढे खूप वर्षं जगल्या. या खोलीचा पडदा त्यांच्याच हातचा आहे. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलचा फोन आला की पलंग रिकामा झाला आहे. मी म्हटलं, राहू दे तो तुमच्याकडेच, फॅमिलीसारखा सांभाळा.

धावत्याला मी काय काय बोलले ते तुला ऐकवण्यासारखं नाही. पण त्यानंतर या वॉर्डात फोनवर ओव्हर झाली नाही. सर गेले, मी प्रमुख झाले. आता मोठ्या हॉस्पिटलचे लोक म्हणतात, तुमची साइट जुनाट आहे, स्क्रीनवर बटण दाबून ओव्हर करा, नाहीतर रेसिडेंट पाठवणं बंद करतो. करून बघा म्हणावं. मी इथून हलायची नाही आणि ही रीतही हलायची नाही. वर्षामागून वर्षं गेली, दुपारचे डॉक्टर पुन्हा कुणाच्या पलंगाशी दिसले नाहीत. मला वाटलं, सुटला बिचारा.

आता सांग, जिन्यात भेटले त्यांनी तुला काही विचारलं का? "बदली तुम्हीच का?" असं? हं. मला वाटलंच.

घाबरलीस तर घाबर, पण ऐक. आज सकाळची ओपीडी उरकून मी इथेच पडले होते. डोळा लागला होता की नव्हता... दार वाजलं नाही. आधी वास आला. मग तळहातावर घासल्याचा आवाज. डोळे उघडायची मला गरज नव्हती. छातीवर गरम स्टेथो टेकला. खूप वेळ ऐकत होता गं तो, एवढ्या वेळ माझं कुणी कधी ऐकलं नाही. मग त्याने माझ्या पायावर अंगठा दाबून बघितला.

धाप लागते म्हणून मी कुणाला दाखवलं नव्हतं. कुणाला दाखवणार? आयुष्यभर मी सगळ्यांना घेत आले, मला कुणी घ्यायचं राहूनच गेलं. डॉक्टर आजारी पडला की तो असाच बेवारशी. पण मी त्या खुर्चीतल्या पोरासारखी गुपचूप जाणार नाही. मी मोठ्या हॉस्पिटलला फोन करणार नाही की त्यांची वाट बघत बसणार नाही. माझी बदली... माझी नव्हे, त्याची बदली आज हजर झाली आहे, सही करून, बॅग घेऊन. ती माझ्यासमोर बसली आहे.

हा पाय बघ. शाल मी सरकवते. दिसला अंगठ्याचा खड्डा? हृदय थकून सूज आलेल्या पायावर बोट दाबलं तर खड्डा किती वेळ टिकतो ते तू शिकली आहेस. हा तेव्हाचा आहे, त्याने दाबला तेव्हाचा. अजून भरलेला नाही.

ऊठ. कॉटच्या या बाजूला ये, भिंतीकडे. ती खुर्चीकडची बाजू मोकळी सोड. तुझा स्टेथो घे टेबलावरून... गरम लागला ना? केटली बंद आहे, तरी वास येतो आहे ना?

खुर्चीकडे बघितलंस तरी चालेल, पोरगाच आहे तो. बोलेल ते सगळं ऐकून घे, मध्ये तोडू नकोस. मग मला हात लाव, नाडी बघ, जे करायचं ते आधी कर. आणि म्हणशील तेव्हा मोठ्याने म्हण. पेशंटला ऐकू आलं पाहिजे.